व्हिलन बिघडला कायले?

"थांबा. हा बिघडला कायले, ते आधी सांगा."

नेरच्या बसस्टँडमागे नाटकाचे, गॅदरिंगचे कपडे भाड्यानं देणारे आमचे ड्रेपरीवाले भाऊ. हिरोचा ड्रेस मुकाट देत. व्हिलनचा काउंटरवर ठेवला की त्यावर पंजा दाबून धरत आणि हे विचारत.

"हिरोचे मायबाप मेले, तो उडायले लागला. याचेही मेले, हा शहर जाळायले निघाला. दुःख तं सेमच व्हय न? मंग मधात झालं काय?"

गिऱ्हाईक म्हणे, "भाऊ, पोरगं दुसरीत आहे. ड्रेस द्या न!"

कॉलनीच्या गणपतीतल्या नाटकात मी सुपरहिरो होणार होतो. का, तर मोटारसायकल माझी होती आणि हिरो स्टेजवर मोटारसायकलनं येणार होता. ड्रेसची चेन पोटानं लागू दिली नाही. भाऊंनी मागून पिना टोचल्या. "साहेब, श्वास घेऊ नका. पीन उडाली तं व्हिलनचा डोया जाईन."

सोबत मंडळाचा सचिव होता. त्याला व्हिलनचा अर्धा चेहरा पांढरा हवा होता. "कोड असल्यावानी. म्हणजे तुमच्यावानीच, भाऊ. लेकरं भेले पाह्यजेत."

भाऊंना कोड होतं, कानापासून हनुवटीपर्यंत. त्यांचा पंजा व्हिलनच्या ड्रेसवर तसाच राहिला.

माझं डोकं सणकलं. "लाज वाटते का तुले?" म्हणत मी हात उगारला आणि मागच्या सगळ्या पिना एकदम सुटल्या. सचिव खो खो हसला. एका हातानं लाल चड्डी सावरत दिलेल्या शिव्यांना काय वजन असणार? भाऊ एवढंच म्हणाले, "पाहा, राग आला की हिरोचंही फाटते."

मी नाटक सोडलं. दुसऱ्याच दिवशी सचिवाला माझ्याहून सडपातळ हिरो मिळाला. ड्रेस यवतमाळहून आले. अर्धा पांढरा चेहरा स्टेजवर आला, मार खाऊन पडला, टाळ्या झाल्या. तेव्हापासून पोरं भाऊंना पाहिलं की "व्हिलन आला रे!" ओरडत पळायची. मायबाप दारात उभे राहून हसायचे. मी भांडायला गेलो, तर म्हणे, "गंमत करून राह्यले न पोरं!"

तुम्ही म्हणाल, आता हा माणूस बिघडणार. कॉमिकात इथंच बिघडतो. भाऊ हाती कारण असून बिघडले नाहीत. बिघडलो आम्ही, आणि आमच्याकडे तर कारणही नव्हतं.

फक्त त्यांनी विचारणं सोडलं. व्हिलनचा ड्रेस काउंटरवर ठेवत आणि हात मागे घेत.

यंदा भाऊ नाहीत. दुकान पुतण्या पाहतो. माझ्या लेकीला गॅदरिंगमध्ये व्हिलन व्हायचंय, म्हणून गेलो. त्यानं ड्रेस पुढ्यात टाकला. मी त्यावर पंजा ठेवला.

"हा बिघडला कायले, माहीत आहे तुले?"

"काय माहीत, काका. साइज बोला."