पेट्रोलचा वास

अहेरीचा तो मिस्त्री माणसाशी बोलतानाही गाडीकडेच पाही. मी ज्यांच्याकडे मुन्शी होतो त्या ठेकेदारांच्या जुन्या जीपला पेट्रोलचा वास येई, थेंब मात्र कुठे दिसेना. त्याने जीप उन्हात तापू दिली, मग टाकीच्या नळीला रिठ्याचा फेस लावला. एका सांध्यावर बारीक बुडबुडे उठले.

"नुसता वासच ना? मजूर जंगलात पोचवायचे आहेत," ठेकेदार म्हणाले.

"मांगं बसून बिड्या ओढतेत थे." गाडी सुरूच होऊ नये म्हणून मिस्त्रीने प्लगच्या वायरी काढून गळ्यात घातल्या आणि शिदोरीतला भात खायला बसला.

"गाडी माझी आहे."

पहिल्यांदाच त्याने माणसाकडे पाहिलं. "गाडी तुमची हाये, मालक. मांगं बसनारी मानसं तुमची नाईत."