ताराने अंग झटकले नाही

मी मेडशीचा. पोहायला विहिरीत शिकलो. समुद्र पाहिला तो लष्करात गेल्यावर. शेवटचे पोस्टिंग पूर्व किनाऱ्यावर होते. हुद्दा हवालदार, काम डॉग हँडलरचे. माझ्याकडे तारा नावाची काळी लॅब्राडॉर होती. दोर तोंडात धरून ती बुडणाऱ्यापर्यंत पोहत जाई. त्याने दोर पकडला की आम्ही ओढायचो. प्रत्येक फेरीनंतर ती अंग झटकायची. आमच्याकडे नियम होता : पाण्यातून आलेल्या कुत्र्याने अंग झटकले नाही, तर ते थकले आहे. त्याला पुन्हा सोडायचे नाही.

वादळानंतरच्या सकाळी, ०६४० वाजता, मच्छीमारांची नाव खडकांजवळ उलटली. चौघे तिला धरून होते. लाटांमुळे बोट जवळ नेता येईना. ताराने पाऊण तासात तिघांना आणले. तिसऱ्या फेरीनंतर ती माझ्या बुटांवर डोके ठेवून आडवी झाली. अंग झटकले नाही. चौथा, एक म्हातारा, अजून तिथेच होता. त्या लाटांत स्वतः उतरण्याची माझी छाती झाली नाही.

वायरलेसवर सुभेदारसाहेब बोलले. "डॉग स्टेटस? ओव्हर."

"डॉग फिट. ओव्हर."

"नक्की? ओव्हर."

"फिट. ओव्हर."

मी दोर तिच्या तोंडात दिला. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि गेली.

०७५० वाजता म्हातारा वाळूवर आला. दोराला तो एकटाच होता. ताराला लाटांनी दुपारी परत आणले.

युनिटच्या फलकावर तिचे नाव आहे. रिपोर्टमध्ये "डॉग फिट" हे शब्द आहेत. ते मी दुरुस्त केले नाहीत. खरे सांगितले असते, तरी साहेबांनी कदाचित तिला सोडलेच असते. म्हातारा वाचला, हेही खरे. यातल्या कशानेही माझे समाधान होत नाही.

आता मी गावी असतो. संध्याकाळी तलावावर जातो. माझा वर्गमित्र रफिक तिथे म्हशी आणतो. त्याचे कुत्रे त्यांच्यामागे पाण्यात उतरते आणि मी काठावर येरझारा घालू लागतो.

"बस ना बे फौजी," काल रफिक म्हणाला. "म्हशी माह्या, कुत्रं माहं, अन् जीव तुहा काहून खालीवर होऊन राह्यला?"

"बाहेर येऊ दे त्याले आधी."

"रोजच तं येते."

कुत्रे आले. आमच्यापाशी थांबले आणि त्याने जोरात अंग झटकले. रफिक तोंड पुसत त्याला शिव्या देऊ लागला.

मी ओल्या शर्टानेच खाली बसलो.