नव्या फोनच्या तक्रारी

पुस्तकं बांधून बांधून बाइंडरकाकांच्या अंगठ्यावरच्या रेषा पार झिजल्या होत्या. चाळीस वर्षं खळ, पुठ्ठा आणि दोरा. नवा फोन तो अंगठा ओळखायलाच तयार नव्हता, आणि ही तक्रार अगदी खरी होती. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या तक्रारींबद्दल इतकं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

फोन लेकीने पाठवला होता. ती विमानाने जावं लागेल इतकी लांब. आई गेल्यापासून महिन्याकाठी तिचा एक फोन यायचा. "जेवलात का? गोळ्या घेतल्या ना? बरं, ठेवते." काका तरी काय बोलणार? दिवसभर मुकाट्याने पानं शिवणारा माणूस. माया दोघांनाही होती, बोलायला विषय तेवढा नव्हता.

अंगठ्यावर मात्र ती पाऊण तास बोलली. आकडे टाकून फोन उघडायला शिकवलं, मध्येच हसली, म्हणाली, "आईला टीव्हीचा रिमोट समजायचा नाही, तर तुम्ही किती चिडायचात! आता बघा." काकांना त्या दिवशी कित्येक महिन्यांनी जेवण गोड लागलं.

पुढच्या रविवारी काकांनीच फोन लावला. "जुनाच बरा होता गं."

आता खरं सांगायचं तर जुन्याची काच तडकलेली, दुपार झाली की बॅटरी मान टाकायची, आणि फोटो काढला तर माणूस की कपाट ते विचारावं लागायचं. नव्याची बॅटरी दोन दिवस हलत नसे आणि फोटोत काकांना स्वतःच्या मिशीतला खळीचा कण दिसला होता. जुन्याची बाजू घ्यावी असं एकच होतं, तो शर्टाच्या खिशात नीट बसायचा. पण नाचता येईना अंगण वाकडं, तसं काकांनी चालवलं. टोचणीने सिमकार्ड काढायचं, जुन्यात घालायचं, दोन दिवसांनी परत नव्यात. कधी अक्षरं बारीक, कधी नंबर हरवले. दर रविवारी लेक समजावत बसायची, आणि समजावता समजावता तिच्या ऑफिसातल्या, तिच्या पाठदुखीच्या गोष्टी निघायच्या. काका कान टवकारून ऐकायचे.

एके रविवारी ती दमलेली होती. तिने त्यांना एक ॲप घ्यायला लावलं. "आता तुमचा फोन मला इथूनच दिसेल, बाबा. मीच दुरुस्त करत जाईन. तुम्ही काही सांगायला नको, फोन करायलाही नको."

"वा! मोठीच सोय झाली," काका म्हणाले. आणि सिमकार्डाची टोचणी खणात ठेवून दिली.

पुढच्या रविवारी नुसता निरोप आला, 'बघतेय. हात लावू नका.' काका दुकानात खळ कालवत होते. टेबलावरचा फोन आपोआप उघडला, पडदे सरकले, अक्षरं मोठी झाली. लेकीचं बोट तिथे होतं आणि आवाज नव्हता. आपल्याच घरात कुणी न बोलता आवराआवर करून जावं, तसं काकांना वाटलं.

मग फोनमधली टिपणवही उघडली आणि काकांचं धाबं दणाणलं. बाइंडर प्रत्येक कामावर द्यायची तारीख टाकतो. त्या सवयीने काकांनी तिथेही तारखा टाकल्या होत्या.

'बारा तारीख: फोटो उलटे दिसतात. एकोणीस: चार्जिंग हळू. सव्वीस: काही सुचलं नाही, जुन्याचं कौतुक करणे.'

काकांनी पडद्यावर बोटं मारली, पण ती खळीने बरबटलेली. यादी सावकाश खालपर्यंत गेली, तिथेच थांबली. मग ॲप बंद झालं.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता तो निरोपही यायचा नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. पुठ्ठा समोर ओढला, पण माप चुकलं, परत चुकलं.

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी हात सदऱ्यालाच पुसले आणि तो कानाला लावला. पलीकडे काहीच नाही.

"अगं, या वेळी खरंच सांगतो," काका घाईघाईने म्हणाले, "आवाज येत नाहीये."



"मी अजून बोललेच नाहीये, बाबा," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.