तळ्याचा निळा
ओल्या जलरंगाचा वास आला की ऐंशीच्या दशकातली मुलुंडची ती दुपार आठवते. बाबा ड्राफ्ट्समन होते. आमच्याच भागाच्या ब्रिटिश काळातल्या नकाशाची प्रत घरी रंगवत होते. शेतं हिरवी झाली, घरं तांबडी झाली, पण माझा दादा ज्या तळ्यात बुडाला ते त्यांनी कोरंच ठेवलं होतं. आईने त्यांच्या हातातला ब्रश घेतला आणि तळ्याच्या मधोमध गडद निळा भरला. "अगं, नकाशात पाणी काठाला गडद आणि मध्ये फिकं दाखवतात," बाबा हळूच म्हणाले. "तो मधोमध सापडला होता," आई म्हणाली. तळं बुजवून आता तिथे सोसायटी झालीय. कंपाउंडमधून सगळे सरळ जातात. मी मात्र अजूनही काठाकाठानेच जाते.