सगळ्यात वरचा पेपर

नरडाण्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत सरकारी चाचणी घ्यायला मी धुळ्याहून गेलो होतो. अशा दिवशी कच्ची पोरं बहुधा घरीच राहतात. त्यांना कोण राहायला सांगतं, ते कुणी विचारत नाही. शाळेची सरासरी मात्र वर जाते.

तिथले एकटे गुरुजी फाटकातच म्हणाले, "साहेब, जरा थांबा. एक पोरगी यायचीय." आणि फटफटीला किक मारून निघालेसुद्धा. परतले तेव्हा मागे चौथीतली पोरगी बसली होती, केसांत कापूस अडकलेला. वेचणीतूनच उचलून आणली होती.

"चाल माय, तुना बगर परीक्षा कशी व्हई?" म्हणत त्यांनी तिला पुढच्या बाकावर बसवलं, पेन्सिलीला टोक काढून दिलं आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. वेळ संपेपर्यंत वळले नाहीत.

तिचा पेपर जवळजवळ कोराच आला. गठ्ठा बांधताना मी तो हळूच मधे सरकवला. गुरुजींनी तो काढून सगळ्यात वर ठेवला.

"शाळा तालुक्यात खाली जाईल, गुरुजी."

"जाऊ द्या. मी दुसरा मास्तर मागतोय. मार्क चांगले दिसले की वरचे म्हणतात, तुमचं तर छान चाललंय!"

स्वतःच्या शाळेचं उणं असं उजेडात मांडणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता. नाव विचारायचंही सुचलं नाही. तेव्हापासून कुठल्याही शाळेत गेलो, की माझी नजर आधी रिकाम्या बाकाकडे जाते.