गुणवंतरावांची कॅनडातली मंडई

गुणवंतराव कॅनडात आले ते सरपंच म्हणूनच. सरपंचकी जाऊन जमाना झाला होता, पण नागभीडकडच्या त्यांच्या गावात लोक सवयीनं सरपंच म्हणत, आणि हे खुशाल ओ देत. एडमंटनच्या विमानतळावर उतरल्यावर या गृहस्थानं पहिलं काय करावं? मुलाला, आदेशला, बाजूला घेऊन विचारलं, "घ्यायले कोणी आलं नाई का रे?"

त्यांची बायको गुणाबाई मागून बॅगांची गाडी ढकलत येत होती. "बँडवाले वाटेत असतीन," ती म्हणाली.

गावात तिला असं बोलायची सोय नव्हती. ओसरीवर सदा पाच-दहा रिकामटेकडे बसलेले, त्यांच्यासमोर चहा ठेवायचा आणि आत निघून जायचं. नवऱ्याची अक्कल किती हे तिला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं, पण सांगणार कोणाला? इथं ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून तिची जीभ सुटली.

आदेश एका गोदामात कामाला होता. सून पुनम नर्स, आणि तिला सातवा महिना. नातवंडाला सांभाळायला म्हणून या दोघांना बोलावून घेतलेलं. राहायला एका सरदारजीच्या घराचं तळघर, दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. ड्युटीवरून आलेली पुनम सुजलेले पाय घेऊन बसलेली असायची आणि सासरेबुवा सोफ्यावरून आवाज द्यायचे, "पाणी आण वो कोणी." नळ त्यांच्यापासून हातभर लांब होता.

"तुमाले नळ दिसून नाई राह्यला का?" गुणाबाई विचारायची. "का त्याच्यासाठी ठराव पास करा लागते?"

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण माणसाला गावचा कारभार इथून हाकायचा होता. पहाटे उठून गावाला फोन लावायचा आणि असं ओरडायचं की मधे फोन नसता तरी नागभीडला ऐकू गेलं असतं. तळ्याचा लिलाव कोणाला दिला, धानाचा भाव काय, अमक्याच्या पोरीची सोयरीक काऊन मोडली. पलीकडचे लोक बहुतेक फोन बाजूला ठेवून जेवत असतील. वरच्या मजल्यावर सरदारजीची म्हातारी आई झोपायची. तो एकदा खाली येऊन हात जोडून गेला. नंतर आला तेव्हा हात जोडले नाहीत. पुन्हा आवाज झाला किंवा घरात माणसं जमवली तर महिनाअखेर दुसरं घर बघा, असं त्यानं आदेशला स्वच्छ सांगितलं. बाहेर गुडघाभर बर्फ. अशा दिवसांत दिवस भरत आलेल्या पोरीला घेऊन घर शोधत कुठं फिरणार? पुनम त्या रात्री जेवली नाही.

सासऱ्यांनी मात्र तिच्या वाटणीचं भरीतही संपवलं.

आणि त्यातच दिवाळी होऊन गावाकडे मंडईचे दिवस आले. नागभीडकडच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे घरोघर पाहुणे, दिवसा बाजार आणि रात्रभर नाटक. नाटकाच्या आधी गुणवंतरावांचं भाषण असायचं. ते नाटकाच्या पहिल्या अंकापेक्षा लांबायचं आणि मागची पोरं शिट्ट्या मारायची. त्या शिट्ट्या कौतुकाच्या आहेत असं यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं. यंदा गावातून कोणीतरी व्हिडिओ पाठवला. पडद्यासमोर नवा सरपंच नारळ फोडत होता. गुणवंतरावांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि रविवारी इंडियन किराण्याच्या दुकानात जाऊन भेटेल त्या आपल्याकडच्या माणसाला आवतण दिलं. वडशाचा हरिदास, जो इथं ट्रक चालवायचा, त्याची बायको रीना, मूल गावचे, ब्रह्मपुरीचे, सगळ्यांना. "शनिवारी आपल्या घरी मंडई हाये. अख्खं घर घेऊन या."

घरी येऊन हे त्यांनी छाती फुगवून सांगितलं. आदेशनं डोकं धरलं आणि बापाचा कोट खुंटीला लावला. पोरगा एवढा शिकला, सातासमुद्रापार आला, आणि बापापुढे अजून शेपूट घालून उभा.

मग गुणाबाईनंच काय ते केलं. नवरा आंघोळीला गेलेला पाहून तिनं रीनाला फोन लावला. "मंडई नाई वो. कोणी येऊ नोका. सगळ्याईले सांगून दे."

"काऊन वो बाई, काय झालं?"

"इचारू नोको," गुणाबाई म्हणाली आणि फोन ठेवला, कारण बाथरूमची कडी वाजली होती.

शनिवारी गुणवंतराव इस्त्रीचे पांढरे कपडे घालून दाराशी खुर्ची टाकून बसले. गुणाबाईनं मुद्दाम नुसता वरण-भात रांधला. बसू दे वाट बघत, एकदाची मस्ती जिरू दे, म्हणून ती निवांत होती.

संध्याकाळी बेल वाजली. हरिदास आला, रीना आली, मागून बाकीचे आले. बायकांच्या डोक्यावर पदर, कोणाच्या अंगावर झगझगीत कपडा नाही, पोरंबाळं घरी ठेवलेली. सगळे खाली सतरंजीवर बसले. रीनानं घरून रांधून आणलेला डबा ओट्यावर ठेवला आणि गुणाबाईचा हात घट्ट धरला.

तेव्हा गुणाबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. मंडईचं दिलेलं आवतण झाडीत एकाच कारणानं मागे घेतात, घरात मयत झाली तर. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून हा डबा. जन्म तिथं काढून आपल्याला हे आठवू नये? इथं कुठली आली मंडई आणि कुठलं आवतण, असं वाटलं होतं तिला. नवऱ्याला मूर्ख म्हणता म्हणता ती स्वतःच त्याच्या पंगतीला जाऊन बसली होती.

हरिदासनं गुणवंतरावांचे दोन्ही हात हातात घेतले. "भाऊ, धीर धरा."

"धरला ना," गुणवंतराव खुशीत म्हणाले. "कवाचा बसून हाव दाराशी." आणि त्यांनी उभं राहून भाषण सुरू केलं. लोक माना खाली घालून ऐकत राहिले. धक्क्यानं भाऊंचं डोकं फिरलं, असंच सगळ्यांना वाटलं.

एवढ्यात जिन्यावर जड पावलं वाजली. सरदारजी. दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग पाहून तो तावातावानं आत आला आणि माना खाली घालून बसलेली ती माणसं बघून जागीच थांबला. त्यानं बूट काढले, हात जोडले आणि कडेला बसला.

"कौन गुज़र गए, माताजी?"

आदेश आईकडे बघू लागला. पुनमनं भिंतीचा आधार घेतला. कोणी गेलं नाही म्हणावं, तर महिनाअखेर सगळे बर्फात. गुणवंतराव म्हणाले, "अरे, कोण गेलं—"

"हमारे गाव के सरपंच," गुणाबाईनं त्यांना तिथंच तोडलं. "इधर आने को निकले ना, तब्बीच गये. इनको किसीने बताया नहीं. आज तक इनको मालूमच नहीं था."

हे बोलताना तिला फार गोड वाटलं. जन्मभराचं उट्टं निघालं. पण बोलून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, आता हा माणूस उठून गरजणार की मी जिवंत हाव, आणि घर जाणार.

सरदारजी गुणवंतरावांकडे वळला. "अंकलजी, आपके बहुत करीबी थे?"

गुणवंतराव बायकोकडे बघत राहिले. मग आदेशकडे, मग भिंतीला टेकलेल्या सुनेकडे. त्यांना कळलं. ते खाली सतरंजीवर, सगळ्यांच्या मधे बसले.

"हो," ते म्हणाले. "लय जवळचा होता. बडबड लय करे. पण पोराईचं घर मोडणारा नोहता."

एवढं बोलून त्यांनी बाहीनं डोळे झाकले आणि त्यांचे खांदे हलू लागले.

सरदारजी उठून त्यांच्याजवळ गेला. आईला सांगतो, म्हणाला, चहा वरूनच येईल, तुम्ही बसा निवांत. गुणाबाईला खरं तर हसू यायला हवं होतं. तिला रडू आलं. रीनानं जवळ घेतलं तेव्हा ते आणखीच वाढलं. असल्या माणसासाठी रडतो म्हणून तिला स्वतःचीच चीड आली, पण रडू काही थांबेना.