चपखल बसलेलं दार

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, कुणाकडे नेलं की ते सरळ आत येतील तर शपथ. आधी बाहेर उभं राहून दार दोनदा उघडायचे, दोनदा लावायचे, बिजागरीचा आवाज कान देऊन ऐकायचे, आणि मग घरच्यांची विचारपूस. सुतार होते, पण टेबल-खुर्च्यांचे नाहीत. फक्त दारं आणि खिडक्या. गावभर त्यांना दारवाला म्हणायचे. कुणी नवखा "दारूवाले कुठे राहतात हो?" असं विचारत आला की माझी ताई हातातलं काम टाकून भांडायला बाहेर यायची.

"बसलं" हा त्यांचा शब्द. दार अडत नाही, वाजत नाही, चारी बाजूंची फट सारखी, की म्हणायचे, "बसलं बघ, चपखल." अडणारं दार दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. रंधा काढून कडेचा एक पापुद्रा उडवायचा. कडी भोकात जात नसेल तर भोक जरा मोठं करायचं. जन्मभर हेच केलं, आणि उत्तम केलं. माझ्या दुकानाचं दार त्यांनीच बसवलंय. करंगळीनं ढकललं तरी लागतं, हे मी आजही नाकारणार नाही.

अशा माणसानं उतारवयात गाडी घेतली ती बिनछपराची. जुनी, चार माणसांची, पण दारं दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरायचं, म्हणून ती दारं ही एवढी लांब आणि जड. वर कापडाचं छत, लोखंडी फासळ्यांवर ताणलेलं, हवं तेव्हा मागे दुमडून ठेवायचं. मी शिवणकाम करते, तंबू, सीटकव्हर, असलंच जाड काम. छताचं कापड विरलं होतं म्हणून गाडी पहिल्यांदा माझ्याच दारात आली.

भाऊजींनी तिथंच एक बुटांचा खोका उचलला आणि मला धडा दिला. "झाकण लावलेला खोका पिळून बघ. पिळला जात नाही. आता झाकण काढ. बघ कसा डुगडुगतो! गाडीचं छप्पर कापलं की तसंच. मग सगळा जोर कुणी धरायचा? या उंबऱ्यांनी." दारांच्या खालून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्याची पोकळ तुळई जाते, तिला ते उंबरा म्हणत. खालून आधीच्या मालकानं डांबरासारखा काळा थर फासला होता. भाऊजींनी त्यावर टिचकी मारली. "ठणठणीत."

मला तो काळा थर तेव्हाच आवडला नव्हता. इतका जाड थर कुणी काय म्हणून फासेल?

पण गाडी चालायची गोड, हे कबूल करायला हवं. घाई तिच्या रक्तात नव्हती. सुरू व्हायला कुरकुरायची, तापली की घुमल्यासारखा एकसारखा आवाज. गिअरची दांडी लांब, तिसऱ्यात टाकली की मग हात काढून घ्यावा आणि ती आपली जात राहते. सपाट रस्त्यावर झोपाळ्यात बसल्यासारखं वाटायचं. रस्ता खराब लागला की मात्र पुढची काच एकीकडे थरथरायची, दारं दुसरीकडे, आणि स्टिअरिंगला मुंग्या यायच्या. आरशात मागच्या एका गाडीच्या तीन दिसायच्या. "हा तिचा स्वभाव आहे," भाऊजी म्हणायचे. "बिनछपराची कुठलीही गाडी थरथरणारच." खरंच होतं ते, आणि तीच पंचाईत झाली. थरथर वाढली ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

रविवारी दुपारी आम्ही चौघं जायचो. पुढे भाऊजी आणि ताई, मागे मी आणि माझी भाची, त्यांची एकुलती एक लेक. ताईचा सगळा जन्म दुसऱ्यांची घरं आवरण्यात गेलेला. छत मागे टाकलं आणि वारा लागला की ती केस मोकळे सोडायची आणि कशालाही हसायची. रस्त्यात म्हैस दिसली तरी हसायची. त्या गाडीत ती माझ्याहून धाकटी वाटायची.

वर्षभरानं भाऊजी तणतणत दुकानात आले. "मेव्हणीबाई, तुझं कापड ढिलं पडलं. वाऱ्यानं फडफडतंय नुसतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझं कापड आणि ढिलं? मी ते छत असं ताणून बसवलं होतं, की पुढच्या काचेवरच्या खुंट्यांत अडकवायला दोघं लागायची. मी ते उतरवलं, दुकानात जमिनीवर अंथरलं आणि कागदाच्या मूळ खाक्यावर ठेवलं. तंतोतंत. दोऱ्याचाही फरक नाही. मग टेप घेऊन गाडीत चढले आणि पुढच्या काचेपासून छताची मागची कड जिथं बसते त्या पट्टीपर्यंत मापलं. चांगलं दोन बोटं कमी भरलं. पुन्हा मापलं. पुन्हा तेवढंच.

"भाऊजी," मी म्हटलं, "कापड वाढलेलं नाही. गाडी आखडलीय."

"गाडी काय धुतल्यावर आटली?" ते खो खो हसले.

"हसू नका. काच आणि मागची पट्टी जवळ आलीत. म्हणजे गाडी मधे खचतेय. तुमचा तो उंबरा आतून सडला असणार. खालून खरवडून बघा."

"तू सुई-दोरा बघ, मी गाडी बघतो."

असा राग आला मला! "तर मग मी तिच्यात बसणार नाही," असं तोंडावर सांगितलं. ताई रात्री जेवताना मला म्हणाली, "कशाला डोक्यात राख घालून घेतेस? इतकं सांभाळतात ते गाडीला." मी तिलाही सांगितलं, "तूही बसू नकोस." ती म्हणाली, "एक रविवार तर माझा असतो गं."

मग दार अडायला लागलं. ताईच्या बाजूचं. लावताना वरच्या कोपऱ्यात मागच्या पत्र्याला घासायचं. भाऊजींना जणू आवतणच मिळालं. दार अडतंय म्हणजे काय करायचं हे त्यांच्या हातांना विचारावं लागत नव्हतं. लाकूड नाही म्हणून रंधा चालेना, तर कानस घेतली आणि दाराची कड घासली. दार बसलं. महिन्याभरात पुन्हा अडलं, पुन्हा घासली. मग कुलपाची जीभ समोरच्या खाचेत नीट जाईना. ती खाच त्यांनी रुंद केली, कडीचं भोक करतात तशी.

मी दुकानातून बघत होते. बाहेर आले आणि म्हणाले, "अहो, घराचं दार अडलं तर तुम्ही आधी भिंत बघता ना, चौकट खचली का म्हणून? इथं का नाही बघत?"

"बघितली की. ठणठणीत आहे." पुन्हा टिचकी मारली त्या डांबरावर. मग दार लावून दाखवलं. लोण्यात सुरी जावी तसं लागलं. "बसलं की नाही चपखल?"

बसलं होतं खरंच. गाडी खचत होती आणि तिच्या मापानं ते दार बारीक करत होते. दाराचं अडणं हीच तिची हाक होती, आणि प्रत्येक वेळी त्यांनी तिचं तोंड बंद केलं. शिवाय घराचं दार कसंही बसवा, घर काही खड्ड्यातून जात नाही.

त्या रविवारचं मला भाचीनं सांगितलं. तिचं बोलणं मी शब्दाला शब्द मानते, कारण ती मागे बसून सगळं बघत होती. ताई बसली. दार ओढून लावलं. खट् असा आवाज आला. भाऊजींनी तिच्या अंगावरून हात नेऊन दार बाहेर ढकलून बघितलं, त्यांची सवयच ती. पक्कं होतं. छत मागे, ऊन कोवळं, ताई खुशीत. गावाबाहेर पूल आहे, तिथं रस्ता एकदम उंचावतो, आणि उतरताच उजवीकडे वळतो. गाडी काही वेगात नव्हती. उंचवट्यावर चाकं चढली, तशी गाडी मधोमध कुरकुरली, "लाकूड मोडताना होतं तसं," भाची म्हणाली. खचलेली गाडी त्या हिसक्यानं क्षणभर उलटी ताणली गेली. जेवढं दार घासलं होतं तेवढी फट उघडली, आणि जीभ त्या रुंद खाचेतून निसटली. वळणावर ताईचा भार दारावर गेला. त्या जुन्या गाडीला पट्टे नव्हतेच. भाची म्हणाली, "मावशी, आई ओरडलीसुद्धा नाही. नुसती जागा रिकामी दिसली."

गॅरेजवाल्यानं नंतर माझ्यासमोर त्या काळ्या थरात पेचकस खुपसला. मुठीपर्यंत आत गेला. आत पत्रा नव्हता, नुसता तांबडा भुगा होता.

ताई दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, जे बोलायचं ते बोलून घ्या. खोलीत आम्ही तिघंच होतो. ती पलंगावर, भाऊजी स्टुलावर, मी खिडकीशी. भाची बाहेर बाकावर रडून रडून झोपली होती. भाऊजी आपले हात मांडीखाली घालून बसले होते.

ताईनं डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं. आवाज अगदी बारीक.

"अहो, दार मी नीट लावलं नव्हतं का हो?"

मी भाऊजींकडे बघितलं. माझ्या मनात एकच होतं, सांगा तिला. तू लावलं होतंस, मी स्वतः ढकलून बघितलं होतं, दार मी तासलं, खाच मी रुंद केली, म्हणून सांगा. त्यांनी नाही सांगितलं तर मी सांगणार होते. शब्द माझ्या ओठांवर आले होते.

भाऊजींनी मान वर केली नाही. "हो गं," ते म्हणाले. "नीट लागलं नव्हतं."

मी पुढे सरकले, आणि ताईच्या चेहऱ्याकडे नजर गेली. तिच्या कपाळावरची आठी गेली होती. तिनं हात जरासा उचलला, त्यांचा हात शोधत.

"म्हणजे तुमची चूक नाही ना?" ती म्हणाली. "बरं झालं बाई. मला तीच काळजी लागून राहिली होती."

मी तोंड मिटून घेतलं. त्यांनी मांडीखालचा हात काढून तिच्या हातात दिला, आणि तिचा श्वास थांबेपर्यंत तिनं तो सोडला नाही.